उन्हाळी सुट्टीसाठी ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की आमच्या वसईच्या घरी दोन गोष्टींची चौकशी सुरू होते: ताडगोळे आले का, आणि पुस्तकांची पेटी उघडली का. ओटीवरच्या त्या लाकडी पेटीत मी कित्येक वर्षं ह्या कादंबऱ्या जमवत आले आणि वाचायला देत आले. आता अर्नाळ्यापासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या ओळखीच्या माणसांचे निरोप येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एका जागी उत्तरांसह लिहिले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी म्हणजे बायबलमधल्याच गोष्टी ना?

काही तशा असतात, सगळ्या नाहीत. मी त्यांची तीन घराणी मानते. पहिल्यात बायबलमधलीच माणसं नायक-नायिका असतात. दुसऱ्यात काळ बायबलचा, पण माणसं कल्पित: रोममधली गुलाम मुलगी, आखाड्यात लढणारा कैदी. तिसऱ्यात नंतरची शतकं येतात: मध्ययुगातला मठ, अमेरिकेच्या माळरानावरची नवी वस्ती, दुसरं महायुद्ध. तिन्हींमध्ये माणूस देवाशी भांडतो, दूर जातो, परत येतो, आणि कथानक त्या येण्याजाण्यावर उभं असतं.

२. मी असं काहीच वाचलेलं नाही. पहिली मालिका कुठली घेऊ?

फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'अ लिनिएज ऑफ ग्रेस'. पाच छोट्या कादंबऱ्या, २००० आणि २००१ मध्ये आलेल्या. पाचही एकत्र असलेली जाड आवृत्तीही मिळते.

मत्तयच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण नाताळच्या दिवसांत देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकतो. अमक्याला अमका झाला, त्याला तमका झाला. ती नावांची रांग सुरू झाली की लहानपणी मी बाकावर चुळबुळ करायचे. त्याच रांगेत पाच बायका उभ्या आहेत: तामार, राहाब, रूथ, बथशेबा आणि मरिया. रिव्हर्स यांनी प्रत्येकीला एक पुस्तक दिलं आहे. बथशेबाचं तर मत्तय नावही घेत नाही, 'उरियाची बायको' म्हणून पुढे जातो. तिच्या पुस्तकाचं नाव 'अनस्पोकन' आहे, म्हणजे न बोललेली. हे लक्षात आलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

कथा त्यांच्या काळाच्या क्रमाने लिहिल्या आहेत, तरी माझा सल्ला रूथपासून सुरू करण्याचा. सासू-सुनेची गोष्ट, दुष्काळात गाव सोडणं, परत येणं, आणि कापणी झालेल्या शेतात सरवा वेचणं. ज्यांच्या घरी भातशेती आहे किंवा होती, त्यांना ह्यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. तामारची कथा उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायातली आहे आणि ती जड आहे. ती शेवटी वाचलीत तरी चालेल.

ह्याच लेखिकेची पुरुषांवरची जोडमालिकाही आहे, 'सन्स ऑफ एन्करेजमेंट': अहरोन, कालेब, योनाथान, आमोस आणि सीला. पहिली आवडली तर पुढे ही घ्या.

३. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. एवढं इंग्रजी झेपेल का?

झेपेल, फक्त पुस्तक ओळखीच्या गोष्टीचं हवं. माझी धाकटी जाऊ मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. तिला मी आधी मराठी बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचायला सांगितलं, ते चारच अध्यायांचं आहे. मग कादंबरी दिली. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यामुळे ती शब्दांना अडून राहिली नाही. रोज दुपारी जेवणं उरकल्यावर अर्धा तास, अशी तिने ती तीन आठवड्यांत संपवली आणि राहाब मागायला आली.

शब्दकोश जवळ ठेवा, पण प्रत्येक शब्दाला उघडू नका. एका पानावर एकच शब्द बघायचा असा नियम करा. तोच शब्द पुन्हा पुन्हा येत असेल तर तो बघण्यासारखा असतो.

४. मला मराठीतच वाचायचं आहे. काही सुचवाल का?

मालिका नाही, पण दोन पुस्तकं नक्की. बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं आणि ती एका ख्रिस्ती माणसाने विधवांच्या हालांबद्दल लिहिली आहे. लिहिली तेव्हा ती त्या काळाचीच होती. आज आपल्यासाठी ती इतिहास झाली आहे. भाषा जुनी आहे, पहिली वीस पानं धीराने काढावी लागतात.

दुसरं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नाही. पण नवरा ख्रिस्ती झाल्यावर एका बाईच्या घरात आणि मनात काय काय होतं, हे इतक्या मोकळेपणाने सांगणारी कादंबरी मला इंग्रजीतही भेटलेली नाही. त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. आपल्याच मातीतली माणसं.

५. हातातून सुटणार नाही अशी एखादी मालिका सांगा. रोमन काळ मला फार आवडतो.

'मार्क ऑफ द लायन', पुन्हा फ्रान्सिन रिव्हर्सच. तीन जाड पुस्तकं, १९९३ ते १९९५ मधली: 'अ व्हॉइस इन द विंड', 'अ‍ॅन एको इन द डार्कनेस' आणि 'अ‍ॅज शुअर अ‍ॅज द डॉन'.

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं. तिथून कथा सुरू होते. हदस्सा नावाची ख्रिस्ती झालेली यहुदी मुलगी त्या वेढ्यात घरच्यांना गमावते आणि गुलाम म्हणून रोममधल्या एका श्रीमंत घरात विकली जाते. त्या घरातली लाडावलेली मुलगी जुलिया आणि तिचा भाऊ मार्कस, ह्या दोघांच्या मध्ये ती सापडते. समांतर अ‍ॅट्रिटीझ नावाच्या जर्मन कैद्याची कथा चालते, ज्याला आखाड्यात लढायला विकलेलं असतं.

हदस्सा भित्री आहे, म्हणून ती मला आवडते. ती प्रत्येक वेळी गप्प बसते आणि मग रात्री गप्प बसल्याबद्दल रडते. श्रद्धा असलेली माणसं धीट असतातच असं आपण धरून चालतो. इथे तसं नाही, आणि म्हणूनच ती जेव्हा बोलते तेव्हा अंगावर काटा येतो.

एक सूचना मी प्रत्येकाला करते: पहिलं पुस्तक संपायला आलं की दुसरं घरात असू द्या. पहिलं अशा जागी संपतं की रात्री दहा वाजता लोकांनी आमच्या दारावर थाप मारली आहे. आणि ही मालिका मोठ्यांसाठी आहे. आखाड्यातली हिंसा, व्यभिचार, गर्भपात हे सगळं तिच्यात आहे. सोळा वर्षांखालच्यांना मी ती देत नाही.

६. जुन्या करारातल्या राजांवर काही आहे का? ते अध्याय वाचताना नावांचा गोंधळ होतो.

लिन ऑस्टिन यांची 'क्रॉनिकल्स ऑफ द किंग्ज' ही पाच पुस्तकांची मालिका. पहिल्या तीन पुस्तकांत राजा हिज्कीया, शेवटच्या दोनांत त्याचा मुलगा मनश्शे. ही संपवल्यावर बायबलमधलं राजांचं दुसरं पुस्तक पुन्हा वाचा, १८ ते २१ अध्याय. नावं आपोआप चेहरे घेऊन येतात.

सुरुवात मात्र भयंकर आहे. हिज्कीयाचा बाप आहाज मोलख दैवताला स्वतःच्या मुलाचा बळी देतो आणि लहान हिज्कीया ते पाहतो. एका ताईंनी पहिली वीस पानं वाचून पुस्तक परत आणलं होतं. मी त्यांना शंभर पानं वाचा असं विनवलं. पुढची चार त्यांनी स्वतः मागून नेली. बाप असा, मुलगा देवभीरू, आणि नातू पुन्हा आजोबांच्या वाटेने: एका घरात असं का होतं, हा ह्या मालिकेचा खरा विषय आहे आणि लेखिका त्याचं सोपं उत्तर देत नाही.

सोबत थोडा इतिहास वाचलात तर चव वाढते. अश्शूरचा राजा सन्हेरीब इसवी सनपूर्व ७०१ मध्ये हिज्कीयाच्या यहूदा राज्यावर चालून आला. वेढ्यात पाणी तुटू नये म्हणून खडकातून बोगदा खोदून झऱ्याचं पाणी यरुशलेम शहरात आणलेलं आहे. त्याची लांबी सुमारे ५३३ मीटर, खोदणारे दोन्ही टोकांकडून निघाले आणि मधे भेटले. त्या भेटीचं वर्णन करणारा शिलालेख १८८० मध्ये सापडला. आपल्याकडे विहीर खणताना पाणी लागतं तेव्हा माणसं कशी ओरडतात ते आठवा, आणि मग कुदळींचे आवाज दोन्हीकडून जवळ येताना कसे वाटले असतील ते बघा.

७. ह्या कादंबऱ्यांतलं खरं किती आणि रचलेलं किती?

एक उदाहरण देते. मनश्शेच्या आईचं नाव हेफ्सीबा होतं, एवढंच बायबल सांगतं. ऑस्टिन यांच्या मालिकेत हेफ्सीबाला स्वभाव आहे, राग आहे, दुःख आहे. ते सगळं लेखिकेचं. उलट सन्हेरीबची स्वारी बायबलमध्येही आहे आणि त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखांतही आहे, जिथे तो हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडल्याची बढाई मारतो. यरुशलेम जिंकल्याचं मात्र तो म्हणत नाही.

'मार्क ऑफ द लायन' मध्ये यरुशलेमचा पाडाव खरा, हदस्सा आणि तिचे मालक कल्पित. म्हणून माझी सवय अशी: प्रकरण संपलं की संबंधित अध्याय मराठी बायबलमध्ये उघडायचा. कादंबरीतलं वाक्य बायबलचं म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितलं गेल्याचे प्रकार मी पाहिले आहेत, आणि वाईट वाटतं, कारण सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो.

८. मालिका मधूनच वाचली तर चालते का?

'मार्क ऑफ द लायन' आणि 'क्रॉनिकल्स ऑफ द किंग्ज' अजिबात नाही. 'अ लिनिएज ऑफ ग्रेस' चालते (प्रश्न २). ब्रदर कॅडफेलच्या रहस्यकथा (प्रश्न ११) सुट्या वाचता येतात, पण पहिल्या दोन-तीन क्रमाने घ्या म्हणजे मठातली माणसं ओळखीची होतात.

९. माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. तिच्या हातात निश्चिंतपणे काय देऊ?

जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली'. पहिलं पुस्तक १९७९ चं, मालिका आठ पुस्तकांची. अमेरिकेच्या माळरानावर नवरा अचानक वारलेली तरुण मार्टी, आणि आई नसलेल्या चिमुकल्या मुलीचा बाप असलेला क्लार्क. हिवाळा तोंडावर, राहायला छप्पर नाही, म्हणून दोघं सोयीसाठी लग्न करतात. पुढे जे होतं ते पुस्तकाच्या नावातच आहे, प्रेम हळूच येतं. भाषा सोपी, वाक्यं छोटी, त्यामुळे इंग्रजी सुधारायलाही छान.

मोठ्या वाचकांना ही फार गोड वाटू शकते. मलाही पाचव्या पुस्तकानंतर तसं वाटलं. पण तेराव्या वर्षी गोड वाचावंच.

१०. 'रिडीमिंग लव्ह' बद्दल सगळे बोलतात. ती वाचू का? मुलांना देऊ का?

ही मालिका नाही, एकच कादंबरी आहे, तरी सर्वांत जास्त विचारणा हिचीच होते. बेइमान बायकोला पुन्हा घरी आणणाऱ्या होशेय संदेष्ट्याची बायबलमधली कथा फ्रान्सिन रिव्हर्स यांनी १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधाच्या काळात नेली आहे. १९९१ मध्ये ती आधी सर्वसाधारण बाजारासाठी आली आणि १९९७ मध्ये सुधारून ख्रिस्ती वाचकांसाठी पुन्हा छापली गेली.

नायिकेला लहानपणीच वेश्याव्यवसायात विकलेलं आहे आणि लेखिका त्यावर पडदा टाकत नाही. मुलांना देऊ नका. ज्या बाईने आयुष्यात असं काही सोसलं आहे, तिला हे पुस्तक 'तुला बरं वाटेल' म्हणून परस्पर देऊ नका. आधी विषय सांगा, हवं असेल तर ती मागून घेईल. माझ्याकडून ही चूक एकदा झाली आहे. पुस्तक परत आलं, त्यानंतर कितीतरी महिने ती आली नाही.

११. वडील पंचाहत्तरीचे आहेत, वाचन दांडगं आहे, पण प्रेमकथा नकोत म्हणतात. त्यांना काय देऊ?

एलिस पीटर्स यांच्या ब्रदर कॅडफेलच्या रहस्यकथा. वीस कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह, पहिली १९७७ ची. बाराव्या शतकातलं इंग्लंड, श्रूसबरीचा मठ, आणि धर्मयुद्धात लढून आलेला, जग पाहिलेला एक साधू, जो आता मठाची औषधी बाग सांभाळतो. ज्यांनी जन्मभर वाडी शिंपली आहे त्यांना हा माणूस लगेच आपला वाटतो. खून होतो, कॅडफेल झाडपाला ओळखतो तशी माणसं ओळखतो, आणि न्याय करताना दयाही बघतो.

जुनं भारदस्त हवं असेल तर दोन स्वतंत्र कादंबऱ्या: लू वॉलेस यांची 'बेन-हर' (१८८०) आणि हेन्रिक शेन्केविच यांची 'क्वो व्हाडिस', जी १८९६ मध्ये पुस्तकरूपात आली. दुसरीत नीरोचं रोम आहे, इसवी सन ६४ ची आग आहे, पेत्र आणि पौल आहेत. तिच्यात प्रेमकथा आहे खरी, पण आमच्या बाबांनी ती खपवून घेतली.

१२. आम्ही कॅथलिक. ह्यातल्या बऱ्याच लेखिका प्रोटेस्टंट आहेत. वाचायला हरकत आहे का?

मला नाही, पण काय वेगळं दिसेल ते माहीत असावं. ह्या कादंबऱ्यांतली पात्रं प्रार्थना करतात ती स्वतःच्या शब्दांत, देवाशी थेट. संतांची मध्यस्थी, जपमाळ, प्रायश्चित्त संस्कार ह्यांना त्यात जागा नाही. मरियेबद्दलच्या दोन्हीकडच्या समजुती वेगळ्या आहेत, त्यामुळे तिच्यावरचं पुस्तक वाचताना काही जागी थबकायला होईल. मे महिन्यात संध्याकाळी क्रुसाजवळ जपमाळ म्हणून घरी यायचं आणि ते पुस्तक उघडायचं, तर फरक जास्तच जाणवतो. शिवाय आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, त्यांच्या बायबलमध्ये ६६. मक्काबी, तोबित, यहुदीथ ह्यांच्यावरच्या कथा तुम्ही इथे शोधाल तर निराश व्हाल.

कॅथलिक जग हवं असेल तर 'क्वो व्हाडिस' आणि कॅडफेल (प्रश्न ११), आणि एन्डो (प्रश्न १४).

१३. माझी अलिबागकडची मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरची मराठी बोलणारी यहुदी आहे. राजांवरची मालिका तिला भेट देऊ का?

हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा विचारणाऱ्याचं मन स्वच्छ होतं. राजा हिज्कीया आणि संदेष्टा यशया तिचेही आहेत, आपल्या कितीतरी आधीपासून. पण मालिका ख्रिस्ती लेखिकेने ख्रिस्ती वाचकांसाठी लिहिली आहे. न विचारता दिलेल्या भेटीतून तिला उपदेशाचा वास येऊ शकतो. तेव्हा स्वतः वाचा, मग तिच्या घरी चहाला जा आणि हिज्कीयाबद्दल त्यांच्या घरात काय सांगतात ते विचारा. तिने पुस्तक मागितलं तर द्या. हिंदू आणि मुसलमान मित्रमैत्रिणींच्या बाबतीतही मी हेच करते.

१४. आपल्या वसईवर, आपल्या किनाऱ्यावर अशी मालिका का नाही?

वरच्या एकाही मालिकेत आपला किनारा नाही, हे मला दर उन्हाळ्यात टोचतं. सामग्री काय कमी आहे? १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती घेतली. चर्चमधल्या घंटा उतरल्या. पोर्तुगीज घंटा आज मेणवलीच्या घाटावर आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या आहेत. ज्या बाईने ती घंटा रोज ऐकली आणि एका सकाळी ऐकली नाही, तिच्यापासून कादंबरी सुरू होऊ शकते.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस गोव्यात येऊन मराठी शिकतो आणि १६१६ मध्ये जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापतो. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी कोर्लई किल्ल्याखाली अजून पोर्तुगीजमधून निपजलेली बोली बोलतात आणि तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. आणि वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया, ज्याला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर केलं.

तोवर गोन्सालोच्या वाटेवर जाणारी एक कादंबरी वाचा, शुसाकू एन्डो या जपानी कॅथलिक लेखकाची 'सायलेन्स' (१९६६). काळ त्याच्यानंतर चाळीसेक वर्षांचा. पोर्तुगीज पाद्री गोवा-मकाव मार्गे जपानला पोचतो आणि तिथे छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांमध्ये लपून राहतो. फार वेदना देणारं पुस्तक आहे, सुट्टीच्या हलक्या मूडमध्ये उघडू नका. आणि आपल्याकडे कोणी वसईवर लिहायला घेतलं असेल, तर हस्तलिखित वाचायला मी कधीही तयार आहे.

१५. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी लागते. काय करू?

ग्रंथपालांना जेवढं विचारत नसतील तेवढं मला हे विचारतात. मे महिन्यात एकदा सगळी पुस्तकं कपाटातून काढा, सावलीत उभी करून पानं फुलवा आणि दिवसभर वारा लागू द्या. थेट उन्हात ठेवू नका, डिंक सुटतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कारण ओल भिंतीतून येते. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळवूनच आत ठेवा. ओला ठेवलात तर तोच बुरशी आणतो. पुस्तकं गच्च कोंबू नका.

वाचायला नेलेली पुस्तकं मृगाच्या आधी परत करा. एकदा 'एको इन द डार्कनेस' स्कूटरच्या डिकीत जूनभर राहिलं होतं. त्याची शेवटची साठ पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.